बटण कोणी दाबायचं यावर अजून किती भांडणार?

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीची दुपार. इकडे फराळ चालू आणि तिकडे एडब्ल्यूएसच्या, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडच्या, व्हर्जिनिया रीजनमध्ये डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसचा डीएनएस रेकॉर्ड (नेटवर्कवरचा पत्ता) रिकामा होऊन बसला, त्यावर टेकलेली ढीगभर ॲप्स आडवी झाली. पुढचे काही दिवस आयटीवाल्यांमध्ये जुनंच भांडण नव्याने पेटलं. एक पार्टी म्हणते, बघा, म्हणून सांगत होतो, डेव्हलपरच्या हातात प्रॉड (ग्राहक वापरतात ती खरी सिस्टिम) द्यायचं नाही, नवीन सर्व्हिस चढवायची तर आधी तिकीट, मग चेंज रिक्वेस्ट, मग अप्रूव्हल बोर्ड, मग रात्रीची विंडो. दुसरी पार्टी म्हणते, या तिकीटवाल्यांनीच वाट लावलीय, आम्हाला क्लस्टरचा (एकत्र जोडलेल्या सर्व्हरच्या जथ्याचा) ॲक्सेस द्या आणि बाजूला व्हा. गंमत अशी की त्या दुपारी बटण कोणीच दाबलं नव्हतं. डीएनएसचे प्लॅन लावणाऱ्या दोन ऑटोमॅटिक प्रोसेस एकमेकींच्या पायात आल्या, एकीने उशिरा जुना प्लॅन लावला, दुसरीने तो जुना आहे म्हणून साफ करून टाकला, रेकॉर्ड रिकामा. डेव्हलपर नाही, तिकीट नाही, मीटिंग नाही. तरी भांडण मात्र बटण कोणी दाबायचं यावरच. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शेअर्ड क्लस्टरवर नवीन मायक्रोसर्व्हिस (मोठ्या ॲपचा वेगळा चालणारा छोटा तुकडा) चढवायला डेव्हलपरला कोणाची परवानगी लागू नये. पण त्या सर्व्हिसच्या वाट्याला किती मेमरी, किती डेटाबेस कनेक्शन, महिन्याला किती खर्च हे आधीच ठरलेलं असावं, ते मशीनने पाळायला लावावं, आणि रात्री तीनला फोन वाजला तर तो त्याच टीमचा वाजावा. परवानगी वेगळी आणि हिस्सा वेगळा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी परवानगीचा कडेकोट बंदोबस्त असतो आणि हिश्शाचा कोणाला पत्ता नसतो, आणि मग दोन्ही पार्ट्या परवानगीवरून हमरीतुमरीवर येतात, कारण तेवढंच डोळ्यांना दिसतं.

हे हवेत बोलत नाही, एक साधा हिशोब बघा. जावाच्या स्प्रिंग बूटमधली नवीन सर्व्हिस आहे, डेटाबेसची कनेक्शन उघडून ठेवणारा पूल हिकारीसीपीचा, काहीच बदललं नाही तर एका पॉडला (सर्व्हिसच्या एका चालत्या प्रतीला) दहा कनेक्शन. चार पॉड म्हणजे चाळीस. खाली शेअर्ड पोस्टग्रेस डेटाबेस, त्याचं मॅक्स कनेक्शन डिफॉल्टवर सोडलं असेल तर शंभर, त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव. आधीच्या सर्व्हिसेस मिळून पन्नास घेऊन बसलेल्या. झाले नव्वद. टेस्टिंग पास, डिप्लॉय पास, सगळं हिरवं. मग सेलच्या दिवशी गर्दी बघून पॉड वाढवणारा ऑटोस्केलर चाराचे आठ पॉड करतो आणि पोस्टग्रेस म्हणतं, सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी. आता ही एरर येते कोणाला? नवीन सर्व्हिसच्या जुन्या पॉडना नाही, कारण हिकारी डिफॉल्टने पूर्ण पूल उघडून धरूनच ठेवतो, काम असो नसो. एरर येते शेजारच्या टीमच्या पेमेंटच्या पॉडला, जो बिचारा नेमका त्याच वेळी रिस्टार्ट झाला. मग त्या टीमला उठवतात, ते त्यांचे लॉग वाचत बसतात, त्यांच्या कोडमध्ये तर कित्येक दिवसांत काही बदललेलंच नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक रोलला (डेटाबेसच्या युजरला) कनेक्शनची मर्यादा घालता येते, एका ओळीचं काम आहे. ती ओळ असती तर नवीन सर्व्हिस स्वतःच धापा टाकत बसली असती, पेमेंटला धक्का लागला नसता.

आता सांगा, हे अप्रूव्हल बोर्डाला दिसलं असतं? त्यांच्यासमोर जो फॉर्म येतो तो ज्यांनी भरलाय त्यांना माहितीय. इतर सिस्टिमवर परिणाम: नाही. रिस्क: लो. रोलबॅक प्लॅन: मागची व्हर्जन पुन्हा लावू. सर्व्हिस नवी कोरी, मागची व्हर्जन नावाची चीजच अस्तित्वात नाही, तरी हे वाक्य जातं, कारण मागच्या फॉर्मवरून कॉपी केलंय आणि त्याच्या मागच्यातही तेच होतं. बोर्डातली माणसं मूर्ख नसतात हो, पण अर्ध्या तासात पंधरा-वीस रिक्वेस्ट असतील तर कोण मान खाली घालून कनेक्शन पूलचा गुणाकार करणार?

मेमरीचंही तेच. क्लस्टर चालवणाऱ्या कुबेरनेटिसचा शेड्यूलर पॉडने मागितलेल्या आकड्यावर जागा राखतो, प्रत्यक्ष किती वापरली त्यावर नाही. डेव्हलपर आधी घाबरत घाबरत ५१२ एमबी मागतो, जावाचा कोड चालवणारी जेव्हीएम काही सांगितलं नसेल तर कंटेनरच्या मेमरीचा साधारण चौथा हिस्साच हीपला, म्हणजे प्रोग्रामच्या डेटाला, देते, पॉड धडाधड मरायला लागतो, मग कोणीतरी वैतागून आकडा ४ जीबी करतो आणि पुढच्या फीचरकडे वळतो. तो आकडा नंतर कमी केलेला मी तरी फारसा बघितला नाही. असे वीस पॉड झाले की नोड (क्लस्टरमधला एक सर्व्हर) कागदावर भरलेला आणि ग्राफमध्ये रिकामा, ऑटोस्केलर नवीन नोड आणतो, बिल डॉलरमध्ये येतं आणि ते सगळ्या टीमच्या एकत्र खात्यावर पडतं, म्हणजे कोणाच्याच नाही.

आता समोरच्यांचं जे बरोबर आहे ते बरोबर आहे. तिकीटवाल्यांचा सगळ्यात भारी दाखला म्हणजे नाइट कॅपिटल. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी, नवीन कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, एका सर्व्हरवर चढवायचा राहिला. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता, आणि नवीन फीचरसाठी नेमका त्याचाच जुना फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) वापरला होता. मार्केट उघडलं आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले, कंपनी बुडता बुडता वाचली आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, एसईसीने, नंतर चौकशी करून म्हटलं की डिप्लॉय झाल्यावर दुसऱ्या कोणी माणसाने तपासलंच नव्हतं, तशी पद्धतच नव्हती. मग दुसरी सही हवी की नको? हवी, मान्य. पण त्याच चौकशीत पुढची गोष्ट आहे ती सहसा कोणी सांगत नाही. त्या दिवशी सकाळी मार्केट उघडायच्या आधी त्यांच्याच सिस्टिमने त्या जुन्या कोडच्या एररचे ९७ ईमेल कंपनीतल्या माणसांना पाठवले होते. माणसं होती, इनबॉक्स होते, कोणी उघडून काही केलं नाही. पुढे गोंधळात त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवीन, चांगला कोडच काढून टाकला, म्हणजे आग आणखी पसरली. इथे सह्यांचा तुटवडा नव्हता. आठही सर्व्हरवर एकच व्हर्जन आहे का हे बघून नसेल तर ट्रेडिंग सुरूच होऊ न देणारं काहीतरी हवं होतं, आणि अमुक रकमेच्या वर पोझिशन गेली की आपोआप थांबवणारं काहीतरी. दोन्ही कामं मशीनची.

मग मशीनवर एवढा विश्वास ठेवायचा का, हा पुढचा प्रश्न, आणि इथे मला खरंच थोडं अडखळायला होतं. १२ जून २०२५ला गुगल क्लाउड जगभर झोपलं त्याचं कारण काय होतं माहितीय? कोटा (कोणी किती वापरायचं ती मर्यादा) तपासणाऱ्या सिस्टिममधलाच बग. म्हणजे मी ज्या उपायाची वकिली करतोय, नेमक्या त्याच जातीच्या कोडने क्लाउड पाडलं. २९ मे रोजी तिथे कोटा पॉलिसीच्या जास्तीच्या तपासणीचा कोड आला, तो रीजनमागून रीजन शिस्तीत चढवला, पण जी पॉलिसी आल्याशिवाय तो भाग चालणारच नव्हता ती पॉलिसी तेव्हा आलीच नव्हती, म्हणून सगळीकडे सगळं हिरवं. दोन आठवड्यांनी काही रकाने रिकामे असलेली पॉलिसी टेबलात पडली, काही सेकंदांत जगभर कॉपी झाली, जिथे काहीच नाही तिथे वाचायला गेल्याची नल पॉइंटर एरर, सगळीकडे क्रॅश. गुगलकडे रिव्ह्यू करणाऱ्यांची कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. त्यांनी स्वतःच जे कारण लिहिलं ते हे की त्या कोडवर फीचर फ्लॅग (नवा भाग बंद ठेवायचं बटण) नव्हता, एरर आली तर काय याची सोय नव्हती. मर्यादा घालणारं मशीन स्वतः बिघडलं तर त्याने वाट अडवायची की मोकळी सोडायची हे आधी ठरवावं लागतं, हा त्यातला धडा मी मानतो, आणि आपल्या साध्या क्लस्टरमध्ये त्याची धग त्या मानाने कमी असते, कारण नेमस्पेसचा (क्लस्टरमधल्या एका टीमच्या कप्प्याचा) कोटा पॉड तयार होताना तपासला जातो, चालू पॉडच्या प्रत्येक रिक्वेस्टच्या वाटेत तो उभा नसतो. तो बिघडला तर नवीन पॉड अडकतील, चालू असलेले चालू राहतील. नोड मेला असेल आणि पॉड दुसरीकडे हलवायचे असतील तर मात्र हेही महाग पडतं. तरी निवडायचं झालं तर मी हेच निवडेन.

तिसरा मुद्दा आपल्या इथला, आणि मुंबईतल्या बँकांमध्ये काम करणारे तो लगेच काढतात. बाबा रे, इथे रिझर्व्ह बँक आहे. डिसेंबर २०२०मध्ये वारंवार सिस्टिम बंद पडते म्हणून आरबीआयने एचडीएफसी बँकेला नवीन डिजिटल गोष्टी बाजारात आणायलाच मनाई केली, ती पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडला. एप्रिल २०२४मध्ये कोटक महिंद्रावर तशीच वेळ आली, ऑनलाइन नवे ग्राहक घेणं बंद, नवी क्रेडिट कार्डं बंद, ते उठलं फेब्रुवारी २०२५मध्ये. अशा ठिकाणी डेव्हलपरने मनाला येईल तेव्हा सर्व्हिस चढवायची म्हणजे काय? भीती खोटी नाहीच. पण कोटकच्या वेळी आरबीआयने कमतरतांची जी यादी दिली तिच्यात चेंज मॅनेजमेंट होतंच, आणि त्याच्याही आधी पहिलं नाव होतं आयटी इन्व्हेंटरीचं. म्हणजे तुमच्याकडे काय काय चालू आहे, हाच प्रश्न. मीटिंगच्या मिनिट्समधून याचं उत्तर निघतं? ज्या क्लस्टरमध्ये मालक टीमचं नाव लावल्याशिवाय पॉड उभाच राहत नाही, तिथे ही यादी एका कमांडमध्ये मिळते. बँकवाल्यांना मेकर-चेकर शिकवायची गरज नाही. एकाने कोड लिहायचा, दुसऱ्याने पुल रिक्वेस्टमध्ये तपासायचा, चढवायचं पाइपलाइनने, आणि कोणी काय कधी चढवलं याची नोंद कोणाला खोडता येणार नाही अशी राहायची. हे मेकर-चेकरच आहे, फक्त चेकर तो आहे ज्याला तो कोड वाचता येतो. सॉफ्टवेअर टीमच्या कामाचा डोरा नावाचा जो अभ्यास वर्षानुवर्षं चाललाय त्यात तर हेच निघालं की टीमबाहेरच्या अप्रूव्हलने डिप्लॉयला उशीर होतो आणि फसणाऱ्या बदलांचं प्रमाण काही त्यामुळे कमी होत नाही. उशीर झाला की बदल साठतात, साठले की एकदम पंधरा बदल एका रात्री जातात, आणि फुटलं की त्या पंधरातला कोणता ते शोधत बसा.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटतो. वाट मोकळी केली की जो तो उठून सर्व्हिस काढेल. हे होतंच. अमेरिकेतल्या सेगमेंट कंपनीने २०१८ला उघडपणे लिहिलं की १४०च्या वर सर्व्हिसेस झाल्या आणि शेवटी त्या गुंडाळून एकच केली. २०२३मध्ये ॲमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओतल्या एका टीमने व्हिडिओची क्वालिटी तपासणारी त्यांची तुकड्या-तुकड्यांची सिस्टिम एकत्र केली आणि खर्च ९० टक्क्यांनी खाली आला. आपल्याकडे तर सात जणांच्या टीमला बारा सर्व्हिसेस असतात, त्यातल्या दोन कशासाठी आहेत हे ज्याला माहीत होतं तो बेंगळुरूला दुसरीकडे जॉइन झालेला असतो. पण मला सांगा, हे डिप्लॉयच्या दारात थांबवून थांबतं का? तोपर्यंत कोड लिहून झालाय, तीन स्प्रिंट गेलेत, मॅनेजरने वर डेमो दिलाय. त्या क्षणी बोर्ड नाही म्हणत नाही, फक्त पुढच्या मंगळवारी या म्हणतो. वरातीमागून घोडं. ही सर्व्हिस वेगळी हवीच का हा प्रश्न डिझाइनच्या वेळी विचारायचा असतो, आणि तो विचारला जाण्याची शक्यता तेव्हाच जास्त जेव्हा तिचं बिल आणि तिचा रात्रीचा फोन आपल्याच गळ्यात पडणार हे टीमला पक्कं माहीत असतं.

सामायिक गोष्टीचा सत्यानाश होणारच, म्हणून वरून ताबा तरी घ्या नाहीतर वाटून खाजगी तरी करा, हे गॅरेट हार्डिनने १९६८मध्ये मांडलं आणि ते इतकं पटण्यासारखं होतं की अजून लोक तेच धरून बसलेत. एलिनॉर ऑस्ट्रॉमला २००९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते साधारण याच्या उलट दाखवल्याबद्दल, की वापरणारे स्वतः नियम करतात आणि पाळतात अशी ठिकाणं जगभर आहेत, पण नियम स्पष्ट लागतात आणि लक्ष ठेवणारा माणूस लागतो. आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, खालची जमीन फडांमध्ये वाटलेली, कोणत्या फडात काय पीक हे गावाने मिळून ठरवायचं आणि पाणी फिरवायचं काम पाटकऱ्याचं. दर पाळीला कोणी अर्ज घेऊन तालुक्याला जात नव्हतं. आणि कोणी रात्री उठून आपल्या वावराकडे पाणी वळवायचं नाही, तेही तितकंच कडक. पाणी कमी असलं तर भिजवायचं क्षेत्रच कमी करायचं, म्हणजे तूट सगळ्यांना थोडी थोडी लागते, एकाचंच पीक जळत नाही. प्लॅटफॉर्म टीमचं काम पाटकऱ्याचं आहे असं मला वाटतं. त्यांनी पाट नीट ठेवावा आणि पाळ्या सांभाळाव्यात. पण आपल्याकडे त्यांना एकतर तहसीलदार करून ठेवतात, नाहीतर कोणी विचारतच नाही.

आता थोडं आपल्याच पार्टीबद्दल, कारण ॲक्सेस द्या आणि बाजूला व्हा म्हणणारेही काही धुतल्या तांदळाचे नाहीत. ॲमेझॉनचा तंत्रप्रमुख वर्नर व्होगेल्स २००६मध्ये म्हणाला की ज्याने बांधलं त्यानेच चालवायचं, ते वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक डेव्हऑप्स ट्रेनिंगमध्ये येतं. त्याच्या मागे ॲमेझॉनने अंतर्गत टूल बांधायला किती माणसं लावली ते त्या स्लाइडवर नसतं. इथे काय होतं, डेव्हलपरला चारशे ओळींची यामल नावाची सेटिंगची फाइल देतात, रेडिनेस प्रोब (पॉड काम घ्यायला तयार आहे का) आणि लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का, नसेल तर मारून नवा) यांतला फरक कोणी सांगत नाही, तो दोन्हीकडे एकच यूआरएल टाकतो, त्या यूआरएलमध्ये डेटाबेसची तपासणी असते, डेटाबेस जरा हळू झाला की कुबेरनेटिस धडधाकट पॉड मारायला घेतं आणि नव्या पॉडच्या कनेक्शनच्या गर्दीने डेटाबेस आणखी हळू होतो. मग म्हणायचं डेव्हलपरना कळत नाही. अरे पण चांगला साचा तयार करून दिला असता तर त्याला हे कळायची गरजच काय होती? आणि ऑन-कॉलचा, म्हणजे रात्री फोन उचलण्याचा, भत्ता किती कंपन्या देतात तेही एकदा विचारून बघा.

हिंजवडी-खराडीतल्या सर्व्हिस कंपन्यांची तर वेगळीच तऱ्हा. क्लस्टर क्लायंटचा, बोर्ड क्लायंटच्या देशात, कोड पुण्यात, आणि चेंज विंडो त्यांच्या मध्यरात्री किंवा आपल्या शनिवार-रविवारी. ज्याने सर्व्हिस लिहिली त्याला प्रॉडचे लॉगसुद्धा बघता येत नाहीत, म्हणून ज्याला ॲक्सेस आहे त्याला स्क्रीन शेअर करायला लावून 'थोडं वर जा, अजून वर, हां थांब' असं चालतं. जबाबदारी पूर्ण, अधिकार शून्य. इथे मी सांगतो तसं लगेच होणार नाही, क्लायंटचा करार असतो, ऑडिट असतं, कबूल. पण लॉग वाचायचा ॲक्सेस द्यायला कोणता ऑडिटर आडवा येतो? ग्राहकांची माहिती लॉगमध्ये असते म्हणाल तर ती तिथे मुळात असताच कामा नये.

छोट्या कंपन्या विचारतील की कोटा, साचे, पाटकरी या सगळ्याला माणसं कुठून आणायची. दोन माणसं प्लॅटफॉर्मला देता येत नसतील तर मग शेअर्ड क्लस्टर ही तुमच्यासाठी चैन आहे, दोन-तीन सर्व्हरवर एक नीट बांधलेलं ॲप चालवा, त्यात कमीपणा काही नाही, आणि शंभर लोकांच्या कंपनीला कुबेरनेटिस लागतंच असं कोणी लिहून ठेवलेलं नाही. ज्यांच्याकडे माणसं आहेत आणि तरीही बोर्ड ठेवायचाच आहे त्यांनी खुशाल ठेवावा, फक्त एवढं करावं की ज्या रिक्वेस्टवर ज्याची सही, त्याचा मोबाइल नंबर त्या रात्रीच्या ऑन-कॉलच्या यादीत डेव्हलपरच्या बरोबरीने टाकायचा. सही करण्यामुळे क्लस्टर वाचतो असं खरोखर वाटत असेल तर यावर कोणाची हरकत असायचं कारण नाही.